रानात बाण कोणी मागितले होते?

आज दुपारी ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि तेव्हापासून डोकं सणकलंय. पाच-सहा पोरं, हातात कोयते, एकाकडे ऑइल पेंटचा डबा. मकरंदगडाच्या पलीकडे, हातलोटच्या बाजूच्या रानात एक बिननावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यापर्यंत कारवीची झुडपं छाटत गेलेत आणि जागोजागी कातळावर पिवळेजर्द बाण काढलेत. खाली लिहिलंय, 'वाट खुली केली, आता कोणीही जा.' सोबत त्या वाटेचा जीपीएस ट्रॅक. आणि बदामांचा पाऊस.

कोणी सांगितलं होतं खुली करायला?

त्या डोंगरावर मी गेलेय. गावातले एक मामा सोबत होते. पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, ढोरवाट संपली आणि पुढे नुसती कारवी, डोक्याच्या वर. मामा माझ्यापुढे दोन हातांवर, पण दिसायचे नाहीत, फक्त खसफस ऐकू यायची. त्यांच्या कमरेला आकडीत कोयता होता. तो त्यांनी एकदाच काढला, करवंदाच्या जाळीत माझी सॅक अडकली तेव्हा. बाकी सगळं हातानं. कारवी बाजूला सारायची, अंग तिरकं करायचं, आत शिरायचं. मी सारखी माथ्याकडे बघत होते तर म्हणाले, "ताई, खाली बघा. डोंगर कुटं पळून जात न्हाई."

कोयत्याने तिरकी छाटलेली कारवी काय करते ते या पोरांना माहीत आहे का? नडगीच्या उंचीचा टोकदार खुंट उरतो. उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या उतारावर, पाय सुटला की माणूस थेट त्या खुंटांवर. आणि तो घसारा धरून ठेवलेला असतो याच कारवीच्या मुळांनी. शेजारी महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, इथेही काही कमी नाही. छाटलेल्या पट्ट्यातून पाणी धावणार, दोन पावसाळ्यांत तिथे घळ पडणार. सात वर्षं वाढून एकदाच फुलते कारवी, बी टाकते आणि मरते. फुलायच्या आधीच कापली तर बी कुठून येणार?

बरं, वर पोचून दिसतं काय? काहीच नाही. अंजनी आणि जांभळाची बुटकी झाडं, खोडांवर शेवाळ, फांद्यांवर आमरी, म्हणजे ऑर्किड. कोकण बघायचं तर फांद्या वाकवून फटीतून बघायचं. मामांनी चपला काढल्या, एका दगडाला हात लावला आणि तिथेच बसले. मीही बसले. कितीतरी वेळ आम्ही काही बोललो नाही. त्या व्हिडिओत नेमक्या त्याच दगडावर बाण आहे. मला रडू आलं, खरं सांगते.

हो, बाण असले की माणसं चुकत नाहीत, हे मान्य. वाट हरवलेल्यांना शोधायला रात्री-अपरात्री जे जातात त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण म्हणून प्रत्येक डोंगराला वाट हवीच का? वाट माहीत नसेल तर गावात जा, माणूस सोबत घ्या, त्याला नीट पैसे द्या. ट्रॅक टाकला की पहिला घाव त्याच्याच रोजगारावर बसतो. आणि कोयना-चांदोलीच्या रानात, २०१० पासूनच्या व्याघ्र प्रकल्पात, परवानगीशिवाय घुसायचंच नाही, तो विषयच वेगळा.

ही जावळी आहे हो! १६५६ साली महाराजांनी ती घेतली आणि तीनच वर्षांत अफझलखानाला इथे यायला लावलं, ते या रानाच्या जोरावर. इथलं गचपण हीच इथली तटबंदी होती. दर वर्षी प्रतापगडावर जाऊन घोषणा देणाऱ्यांनी त्याच रानात कोयता चालवावा?

मघाशी फार चिडून लिहिलं. पोरं विशीतली दिसतायत, डोंगराची ओढ खरी आहे त्यांची. रविवारी घरात लोळत पडण्यापेक्षा लाख पटीने बरी. त्यांना कोणी मामा भेटले नाहीत, एवढंच असेल. आमचे मामा वाटेत कारवीची एखादी काडी मोडून वाकवून ठेवायचे, मोडलेलं टोक आलो त्या दिशेला. उतरताना मी त्या काड्या शोधत होते, तर ते मागून गप्प राहून मला शोधू देत होते. मी चुकले की ते फक्त खाकरायचे. पावसात त्या काड्या कुजून गेल्या असतील. ऑइल पेंट वर्षानुवर्षं कातळावर बसेल.

त्या पोरांमधलं कोणी हे वाचत असेल तर मेसेज करा. पाऊस सुरू व्हायच्या आत तारेचे ब्रश घेऊन जाऊ, मी येते. आणि तो ट्रॅक आज रात्रीच काढून टाका.