रेडियल घातल्यावर एसडब्ल्यूआर वाढल्याच्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

डिचोलीतील आपल्या आवारात हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडच्या व्हर्टिकल (उभ्या) अँटेनाखाली आम्ही ३२ रेडियल, म्हणजे बुडापासून चहूकडे पसरणाऱ्या तारा, अंथरल्यानंतर एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१ वरून १.३ वर गेला, समोरच्या स्टेशनांकडून सिग्नलबद्दल मिळणारे रिपोर्ट सुधारले नाहीत आणि पूर्वीचा अर्थिंगचा खड्डाच पुरेसा होता, असे आपण लिहिले आहे. तांब्याच्या तारेचा खर्च लहान नाही, त्यामुळे आपली नाराजी आम्हाला समजते. परंतु वाढलेला एसडब्ल्यूआर हा बिघाड नसून जमिनीतला तोटा कमी झाल्याची खूण आहे.

जमीन आदर्श असेल तर पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रोध बुडाशी सुमारे ३६ ओहम भरतो, आणि प्रत्यक्ष जमिनीतला तोटा त्यात मिळवला जातो. काम सुरू करण्यापूर्वी ॲनालायझरने तेथे ५४ ओहम दाखवले होते, म्हणजे १८ ओहम निव्वळ मातीचे. हा आकडा ५० ओहमच्या केबलशी छान जुळत होता, पण आपल्या शंभर वॅटांपैकी सुमारे ३३ वॅट जमीन तापवण्यात जात होते. आता तेथे ३९ ओहम आहेत आणि तो तोटा ८ वॅटांच्या आसपास आला आहे.

खड्ड्याबद्दल बोलायचे तर, अँटेनाचा परतीचा प्रवाह बुडाभोवतीच्या सर्व बाजूंच्या जमिनीतून येतो, एका ठिकाणी पुरलेली पट्टी तो गोळा करू शकत नाही. ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन या अमेरिकी अभियंत्यांनी १९३७ साली शंभराहून अधिक रेडियल तारांपर्यंत घेतलेली मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा विषय अंदाजाचा राहिलेला नाही.

रिपोर्टबाबत आपले निरीक्षण चुकीचे नाही. वरील आकड्यांतून निघणारी सुधारणा साधारण १.४ डेसिबल आहे, तर एस-मीटरचा (रिसीव्हरवरच्या सिग्नल-मापकाचा) एक अंक ६ डेसिबलचा मानला जातो. ४० मीटरवर फेडिंगमुळे सिग्नल काही मिनिटांत याच्या कितीतरी पट वरखाली होतो, म्हणून काल आणि आजचे रिपोर्ट शेजारी ठेवून रेडियलांचा निवाडा करता येत नाही. शिवाय दूरवर कमी कोनात जाणारा सिग्नल बऱ्याच अंतरापर्यंतच्या जमिनीवर ठरतो. खाजणाच्या (खाडीकाठच्या खारट जमिनीच्या) बांधालगत खारट ओलीचा जो लाभ मिळतो, तो जांभ्याच्या पठारावर रेडियल कितीही वाढवले तरी मिळत नाही. हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो, कारण न मिळणारी गोष्ट विकणे आम्हाला पटत नाही.

खरी चाचणी आपल्यासमोर करण्याची आमची तयारी आहे. बुडाच्या तांब्याच्या कड्यावरचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट सैल करून आम्ही सर्व तारा बाजूला काढू आणि ४, ८, १६ व ३२ अशा टप्प्यांनी परत जोडू. प्रत्येक टप्प्याला बुडाशी रोध मोजू आणि काही तरंगलांब्या दूर, एकाच जागी ठेवलेल्या फील्ड स्ट्रेंग्थ मीटरवर (पोहोचलेल्या सिग्नलची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नोंद घेऊ. केबलचे बाहेरचे कवच स्वतःच रेडियलसारखे वागू नये म्हणून कवचावरचा प्रवाह अडवणारा चोक लावलेला राहील, अँटेनात जाणारी शक्ती प्रत्येक वेळी सारखीच ठेवली जाईल आणि सगळे एकाच दिवशी होईल, कारण एका सरीनेही माती बदलते. १६ नंतरची वाढ थोडी दिसेल, हे आधीच नमूद करतो. चार तारांपासून बत्तीसपर्यंत मीटर वर सरकला नाही, तर तारेची संपूर्ण रक्कम परत करू.

चाचणीसाठी शुल्क नाही. दिवस आपण कळवावा. तोपर्यंत अर्थिंगचा खड्डा मात्र काढू नये, वीज पडण्यापासूनच्या संरक्षणासाठी तो हवाच आहे.