पेच कुणी आवळले?

आमच्या डिप्लोमाच्या ग्रुपवर वाद पेटतो तेव्हा मी हमखास सायकलवर असतो. घरी पोचून चष्मा पुसेपर्यंत गाडी नेहरूंपर्यंत गेलेली असते. या वेळचं निमित्त साधं होतं. एकाने पंचावन्न इंची टीव्ही घेतला आणि खोक्यावरच्या ‘मेड इन इंडिया’चा फोटो टाकला. लगेच दुसरा म्हणाला, पॅनल बाहेरचा, चिपा बाहेरच्या, आपण फक्त पेच आवळले. तिसऱ्याला जुने टीव्ही आठवून भरून आलं: क्राऊन, वेस्टन, डायनोरा, टेलेरामा, सॉलिडेअर... सगळं आपलं होतं रे, एक्याण्णवला बाजार खुला झाला आणि घालवलं. आणि मग ठरलेलं वाक्य, “तू फिलिप्सच्या गावात राहतोस, तूच सांग.”

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये राहतो हे खरं. पण या गावात राहून मला जे दिसतं ते त्या तिघांपैकी कुणालाच आवडणार नाही.

आधी माझ्या आजोबांच्या रेडिओबद्दल. व्हॉल्व्हचा सेट (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी), लाकडी खोका, पुढे कापड. कंपनीचं नाव राहू दे, नाव घेतलं की लोक त्यावरच भांडतात. मागच्या खेपेला तो गोधडीत गुंडाळून, आईच्या दोन जुन्या साड्या कोंबून इथे आणला. चेसिसवर पंधरा-वीस वर्षांची धूळ होती आणि आवाज म्हणाल तर नुसता घुर्र. इथे जुन्या रेडिओवाल्यांचे बाजार भरतात. एखाद्या गावचा हॉल, टेबलांवर सेट, खाली खोक्यांत सुटे भाग, कोपऱ्यात कॉफी. तिथे एका ऐंशीच्या पुढच्या गृहस्थांनी तो सेट उलटा केला. सगळी हयात फिलिप्समध्ये गेलेली, त्यातली बरीच कॉइलच्या विभागात. त्यांनी एक व्हॉल्व्ह हलकेच डोलवत सॉकेटमधून काढला. काचेवरची अक्षरं उडालेली होती. मी बोटाने पुसायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. पुसलं की उरलंसुरलंही जातं. त्यांनी काचेवर फक्त एक श्वास सोडला, आणि वाफेत अक्षरं उमटली: ईसीएच ८१. खाली बीईएल, इंडिया.

“हा तर आमचा,” म्हणाले.

एका अर्थी होताच. ते नाव म्हणजे एक भाषा आहे: ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, सी म्हणजे ट्रायोड, एच म्हणजे हेक्सोड किंवा हेप्टोड (नळीतल्या तीन, सहा, सात इलेक्ट्रोडवरून पडलेली नावं). फिलिप्स आणि जर्मनीची टेलिफुंकन यांनी १९३४ मध्ये ही पद्धत लावली आणि निम्म्या जगाने ती उचलली. पण त्यांच्या हातातला व्हॉल्व्ह बंगळूरमध्ये बनलेला होता. बीईएल म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये असे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, पुढच्याच वर्षी जर्मेनियमचे सेमीकंडक्टर. म्हातारबुवांनी मग कॉइल पाहिल्या. एका ठिकाणी तार जरा तिरकी गेली होती आणि टोकाला मेणाचा थेंब होता. ते हसले, हे मशीनचं काम नाही, म्हणाले, हात आहे. इथेही गुंडाळायला मुलीच असायच्या.

तर हा सेट कुणाचा? ब्रँडांचं म्हणाल तर तेव्हा आपल्याकडे गाजलेली निम्मी नावं विलायतेतून आलेली. मर्फी वेल्विन गार्डन सिटीची, तिचा इथला कारखाना ठाण्याला. बुशही तिकडचीच. टाटांच्या नेल्कोचं मूळ नाव नॅशनल एको रेडिओ, १९४० ची कंपनी, आणि त्यातला ‘एको’ इंग्लंडचा. पण त्या सेटच्या डायलवर लंडन-पॅरिसच्या जोडीला दिल्ली, मुंबई, सिलोन छापलेलं असे. आणि तो बिघडला तर तालुक्याच्या गावी एखादा माणूस पाठ उघडून, बोटाने ठोकून, कुठला कंडेन्सर गेलाय ते सांगू शकत असे. पेच कुठे आवळले यापेक्षा पेच कुणाला उघडता येतात हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा एक अंगठा आला, तोही बहुधा चुकून.

टीव्हीची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे आपल्या आठवणींवर माझा फारसा भरवसा नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुण्याला सिंहगडावरचं सहक्षेपण केंद्र पुढच्या वर्षी. सरकारने ठरवलं होतं की टीव्ही देशातच बनणार, परदेशी कंपन्यांना वाव नाही, परवाने शक्यतो लहान उद्योगांना. पिलानीच्या सीरी या सरकारी संशोधन संस्थेने टीव्हीचा आराखडा तयार केला होता. हेतू उत्तम होता. परिणाम काय झाला? नावं भरपूर आणि प्रत्येकाची उलाढाल चिमूटभर. पाठ उघडून पाहिलं तर बऱ्याच सेटांत एकमेकांची भावंडं. फरक शटरच्या लाकडात आणि बटणांच्या रंगात. राज्य सरकारंही उतरली: केरळचं केल्ट्रॉन, उत्तर प्रदेशचं अप्ट्रॉन, आपलं मेल्ट्रॉन. आमच्या शेजारच्या काकूंचा टीव्ही चित्र फिरायला लागलं की डाव्या अंगाला थापट मारून चालायचा, आणि थापट मारायची नेमकी जागा त्यांच्या घरात फक्त धाकट्याला ठाऊक होती. गंमत आठवायला छान आहे. पण या बंद बाजारात नवीन आराखडा काढायची गरज कुणालाच पडली नाही.

म्हणून १९८२ ला रंग आले तेव्हा आपली तयारी नव्हती. आशियाई खेळांच्या घाईत बाहेरून किट आणून सेट जुळवले गेले. पुढे जे टिकले त्यांनी जपानी कंपन्यांचे हात धरले: बीपीएलने सान्योचा, व्हिडिओकॉनने तोशिबाचा. म्हणजे एक्याण्णवच्या आधीच पेच आवळायचं काम सुरू होतं, मित्रा. परदेशी कंपन्यांनी गिळलं हे अर्धं खरं; गिळण्याजोगं आपण किती उभं केलं होतं हा उरलेला अर्धा प्रश्न.

आता हे वाचून “बघा, युरोपने कसं जपलं” म्हणणाऱ्या चौथ्या मित्राला उत्तर. काही जपलेलं नाही. फिलिप्स इथे १८९१ ला दिव्यांनी सुरू झाली, १९२७ ला रेडिओत उतरली, आणि अख्खं गाव तिच्या घंटेवर चालायचं. १९९० मध्ये मोठी कपात सुरू झाली, तिचं नाव निघालं की माझे शेजारी अजून गप्प होतात. १९९७ ला मुख्य कचेरी अ‍ॅम्स्टरडॅमला गेली, हे दुःख तर वेगळंच. एलजीबरोबर काढलेली पिक्चर ट्यूबची (चपट्या पडद्याआधीच्या टीव्हीतल्या काचेच्या नळीची) कंपनी २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास, २००५ मध्ये, आपल्या व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला होता, म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्रीचं दुकान! २०१० मध्ये भारतात फिलिप्सच्या नावाने टीव्ही विकायचा परवानाही व्हिडिओकॉनकडेच आला. इथे माझ्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवरही फिलिप्स लिहिलंय, पण २०१२ पासून तो धंदा टीपीव्ही या दुसऱ्याच कंपनीच्या हातात आहे. स्ट्राइप-एस नावाच्या ज्या कारखाना-भागात एकेकाळी पास दाखवल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे, तिथे आता मी शनिवारी कॉफी प्यायला जातो.

मग फरक काय राहिला? एक तर प्रयोगशाळा. फिलिप्सचं नॅटलॅब १९१४ पासूनचं. तिथल्या कामातून वाढलेल्या गोष्टी टीव्ही गेल्यावरही उरल्या. शेजारच्या फेल्डहोवनमधली एएसएमएल, जिच्या यंत्रांवाचून आजची आघाडीची चिप बनत नाही, ती १९८४ मध्ये फिलिप्सच्याच भागीदारीतून निघाली. आपल्या त्या सगळ्या ब्रँडांमागे असं काही नव्हतं. बीईएल, हैदराबादची सरकारी ईसीआयएल, सीरी होत्या, पण माझ्या मते त्या खासगी कारखानदारांपासून बहुतेक लांबच राहिल्या.

दुसरा फरक क्षुल्लक वाटेल: कागद. बाजारातल्या त्या गृहस्थांनी मला शेजारच्या टेबलावरून साठ वर्षांपूर्वीच्या एका डच सेटचं सर्व्हिसपत्रक काढून दाखवलं. प्रत्येक कॉइलचा रोध, व्हॉल्व्हच्या प्रत्येक पायावरचं व्होल्टेज. मग साहजिकच विचारलं, तुझ्या सेटचा कागद? मी पुण्यात, मुंबईत फोन केले, एका संस्थेला तीन ईमेल पाठवल्या. कुणाकडे जावं हेच कळेना. दोन वर्षांपूर्वी रद्दीत गेलं, हे उत्तर मात्र दोन ठिकाणी मिळालं.

शेवटी दादा, माझा मावसभाऊ, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास फिरला. तिथल्या एका जुन्या कारागिराची वही त्याने फोटो काढून पाठवली. शाळेची दोनशेपानी, गुळगुळीत झालेली. प्रत्येक सेटचं सर्किट हाताने काढलेलं, शाईने व्होल्टेज, आणि कडेला मराठीत शेरे: “हा रेझिस्टर नेहमी जातो”, “डाग परत द्यावा” (म्हणजे पुन्हा सोल्डर करावं). माझा सेट चौसष्टाव्या पानावर होता. त्या माणसाने आयुष्यभर जे सेट बनवून विकले त्यांवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणायचे, घरी जुळवायचे. गिऱ्हाईक त्याला ‘लोकल सेट’ म्हणायचं.

वहीवरून दोन कंडेन्सर बदलले आणि सेट बोलायला लागला. बोलायला लागला म्हणजे खरखरायला लागला, कारण इथल्या सरकारी रेडिओने मध्यम लहरी २०१५ मध्येच बंद केल्यात आणि डायलवर डच स्टेशन जवळपास उरलेलं नाही. म्हणून उन्हाळ्यात तो गोधडीत गुंडाळून परत नेला. पुणे केंद्र ७९२ वर लागलं. दादाने तो ठेवून घेतला, आणि वहीचं प्रत्येक पान स्कॅन करायचं त्याने कबूल केलंय. परवा त्याचा मेसेज आला: “आउटपुटचा व्हॉल्व्ह दमलाय. येताना दोन ईएल ८४ आण. इथले गिटारच्या अँप्लिफायरवाले एकही शिल्लक ठेवत नाहीत.”