पाइप आमचा वितळला, आणि म्हणे गाडीच विका!

काल आईला यवतेश्वरला दर्शनाला नेत होतो. घाटात मधेच गाडी बंद. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा नुसता भपकारा! कार्बोरेटरला जाणारा रबरी पाइप फुगून मेणासारखा मऊ झालेला, क्लिपपाशी चिरलेला, आणि पेट्रोल थेंब थेंब गरम इंजिनावर. भडका उडाला असता तर? आईचे गुडघे गेलेत, ती दार उघडून उतरेपर्यंत काय झालं असतं? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

१९९६ची मारुती ८००, वडिलांनी घेतलेली. इतकी वर्षं पाइपला काही झालं नाही, आणि आता वर्षभरात हा दुसरा! मिस्त्रीने कार्बोरेटर खोलून दाखवला. वाटीच्या तळाशी पाणी, कडेला खडूसारखी पांढरी भुकटी, जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजलेला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के मिसळतात ते इथेनॉल, म्हणजे उसासारख्या पिकांपासूनचं अल्कोहोल, पाणी ओढून धरतं, जुनं रबरही फुगवतं. साताऱ्याच्या पावसात गाडी महिनाभर उभी राहिली की दुसरं काय होणार?

पंपावर विचारलं, बिनइथेनॉलचं मिळेल का? "सगळीकडं वीस टक्केच येतंय. टाकायचं तर टाका." टाकायचं तर टाका? फुकट मागतोय का मी? त्यात लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, मग भाव का कमी नाही? आणि त्याच पंपावर हवेचं मशीन दिवाळीपासून बंद!

इथेनॉलशी माझं वैर नाही. आमचाच ऊस कारखान्याला जातो. पण एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना वीस टक्के सोसणारे पाइप-सील दिले, आमच्या गाड्यांचं काय? वीस वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीला आता १० हजार, वर पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट. गाडी रस्त्यावर चालवायचे पैसे मोजून घेता ना? मग तिला पचेल ते पेट्रोलही द्या! एका पंपावर एक नळी तरी वेगळी ठेवा.

मेव्हणा म्हणतो, विकून टाक. का विकू? इंजिन ठणठणीत आहे, वडिलांच्या हातचा किलोमीटरचा हिशेब अजून डॅशबोर्डच्या खणात आहे.

दुकानदार तोच साधा काळा पाइप गळ्यात मारत होता, "सगळे हाच नेतात." सगळ्यांचे पाइप फुटतायत म्हणूनच नेतात ना! मला व्हिटॉनचाच हवा, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा. तो पुण्याहून येणार, शनिवारी. टाकी रिकामी करून गाडी दारात उभी केलीय. मंगळवारी आईला डॉक्टरकडे रिक्षाने न्यायचंय.