नियंत्रित गटातील काका

एरवी मला ‘अरे काका’ म्हणून हाक मारणारी पुतणी त्या रविवारी एकदम ‘तुम्ही’वर आली, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. ती शारीरिक शिक्षणाची पदवी घेत आहे आणि तिच्या प्रकल्पासाठी तिला पंचेचाळीस ते पन्नास वयाची, बैठे काम करणारी आणि व्यायामाशी सुतराम संबंध नसलेली माणसे हवी होती. हे वर्णन पुरते ऐकण्याआधीच तिच्या काकूने माझे नाव सुचवले.

मी स्वतःला धडधाकट समजत होतो, कारण मला रक्तदाब नाही, मधुमेह नाही आणि दोन वर्षांत आजारपणाची एकही रजा पडलेली नाही. पुतणीने शांतपणे सांगितले की, निरोगी असणे वेगळे आणि तंदुरुस्त असणे वेगळे. तंदुरुस्तीत दमसास, स्नायूंची ताकद, स्नायूंचा चिवटपणा, लवचीकता आणि शरीरातील चरबीचे प्रमाण हे पाच स्वतंत्र विषय असतात. शाळेत गणितात गेलेले गुण मराठीच्या जोरावर एकूण टक्केवारीत झाकता येत असत. येथे तीही सोय नव्हती.

दमसासाच्या चाचणीसाठी १२ इंच उंचीची पायरी लागते. तेवढ्या उंचीचा घरात एकच चौरंग होता, आणि ज्यावर दर श्रावणात सत्यनारायण मांडला जातो त्यावर मी पाय देणार हे कळताच आई पोथी मिटून बाहेर आली. त्यामुळे इमारतीतील पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या साक्षीने, मोबाइलच्या टकटकीवर मिनिटाला २४ वेळा या गतीने मी तीन मिनिटे चढलो आणि उतरलो. लगेच खाली बसवून तिने मिनिटभर नाडी मोजली. ठोके १३८ भरले. हृदय जितके तयारीचे तितके ते श्रमांनंतर लवकर निवते, असे ती सांगत होती; माझे मात्र ते ऐकूनच आणखी तापले.

ताकदीत मी उत्तीर्ण झालो, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे १४.२ किलो गॅस आणि जवळपास तितक्याच वजनाचे लोखंड, मी एका दमात ओट्यापर्यंत नेला आणि काकूकडे पाहिले. तेवढ्यात पुतणी म्हणाली, “काका, एकदाच भार उचलणे ही ताकद झाली. तोच जोर पुन्हा पुन्हा लावता आला, तर तो चिवटपणा. आता जोर काढा.” सहाव्या जोराला माझा जोर संपला.

लवचीकतेसाठी पाय सरळ पसरून, गुडघे न वाकवता, हात पुढे न्यायचे होते. माझी बोटे नडगीच्या मध्यावर थांबली. पावलांपासून अंतर ११ सेंटिमीटर. एवढ्या वर्षांत त्या पावलांची नखे मी स्वतः कापत आलो आहे, हे सांगूनही तिने मोजपट्टी जागची हलवली नाही.

शेवटी कमरेचा घेर. “माझी पँट चौतीसची आहे,” मी ठणकावून सांगितले. “पँट पोटाखालून जाते, काका,” असे म्हणत तिने शिंप्याची फीत बरगड्या आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध गुंडाळली आणि ९७ सेंटिमीटर असे लिहिले. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० ची आहे. उंची-वजनाचा निर्देशांकही २५ च्या वर गेला. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात मांडणारे क्वेटले हे बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. आकाशातील गोलांची सवय असलेल्या माणसाला माझ्या पोटाचे काही वाटले नसते.

मी खचलो नाही. उद्यापासून पहाटे पर्वती चढतो, असे जाहीर केले. पुतणी घाबरीघुबरी झाली. “मुळीच नाही! तुम्ही नियंत्रित गटात आहात. प्रायोगिक गट सहा आठवडे व्यायाम करणार आणि तुम्ही काहीही बदलायचे नाही.”

ही जबाबदारी मी मनापासून पाळली. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजपट्टी लागली, तेव्हा ११ चे १२ सेंटिमीटर झाले होते. “काका,” ती वैतागून म्हणाली, “आहे तसे राहायचे होते रे, एवढेही जमले नाही तुला?”