सांताक्लॉज, साणं आणि कडबा

24 डिसेंबरच्या रात्री लेकरू झोपत नाही, प्रश्न विचारतं. ‘जादू असते रे’ हे उत्तर आता पहिलीतलं लेकरूसुद्धा घेत नाही. माझं म्हणणं, सरळ शास्त्र सांगावं, तेही आपल्या मराठवाड्याच्या मापाचं.

आपल्याकडे धुराडं नाही, मग सांता घरात येतो कुठून? हा प्रश्न सोपा. माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी, धुरासाठी साणं म्हणजे एक भोक असतं. त्यातून सांताचं पोट जायचं नाही, पण पोतडीतलं सामान सोडता येतं. स्लॅबवाल्यांनी जिन्याच्या दाराची कडी काढून ठेवावी.

एवढी घरं एका रात्रीत कशी? सांता पश्चिमेकडे निघाला की रात्रही त्याच्याबरोबर सरकते. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. किनवट ते वैजापूर साधारण साडेतीन अंश, म्हणजे 14 मिनिटं जास्तीची मिळाली. रात्र संपूच नये म्हटलं, तर आपल्या अक्षांशावर ताशी सुमारे 1580 किलोमीटर वेग हवा. तो आवाजाच्या वेगाच्या वर. मग गावोगाव धडाका आणि पत्र्यावरचे दगड अंगणात! हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत बसते, वरची त्यामानाने उबदार राहते, त्यामुळे आवाज खाली वळतो. शेजारच्या गावचं भजन आपल्या गोधडीत येतं ते म्हणूनच. धडाका लपला नसता. कोणी ऐकलेला नाही, अर्थात सांता बेतानंच हाकतो.

गाडीला रेनडियर. त्यांच्यातले मोठे नर डिसेंबर उजाडेपर्यंत शिंगं टाकून मोकळे होतात, माद्यांची हिवाळाभर टिकतात. चित्रात तर सगळ्यांनाच शिंगं! म्हणजे ओढणाऱ्या साऱ्या बाया, आणि नाव गाडीत बसलेल्याचं. (यात नवल वाटणारा माणूस अविवाहित असावा.) परभणीच्या ज्या थंडीत आपण कानटोपी सोडत नाही, ती त्यांना उकाडा. चारा ठेवायचाच तर वाळल्या कडब्याची कुट्टी ठेवा. कोवळी ज्वारी नको, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. जनावर दगावलं तर पुढची गावं कोरडी राहतील.

एवढं शास्त्र पाजूनही घात करतं ते खेळण्यावरचं किमतीचं स्टिकर. ओढून काढलं की कागद निघतो, गोंद राहतो. त्यावर खोबरेल चोळून दहा मिनिटं थांबा, मग फडक्यानं पुसा. तेल 24 अंशांखाली गोठतं, तेव्हा बाटली आधी कोमट पाण्यात धरा. आणि सांताची चिठ्ठी शेजारच्या काकूंकडून लिहून घ्या, लेकरं बापाचं अक्षर ओळखतात.