हंडा नव्हे, भाण!

आज गोव्यात, मांद्र्याच्या एका रिसॉर्टात मित्राच्या मुलीच्या लग्नाचं जेवण होतं. दारातच तांब्याचं भलंमोठं भांडं, त्यात मनीप्लांट आणि खाली पाटी: ‘पाणी तापवण्याचा प्राचीन हंडा’. जेवणावरची वासनाच उडाली. अरे, हंड्याच्या खांद्याला भोक कशाला असेल? भाण आहे ते, भाण! फेणीच्या, म्हणजे आमच्या गोव्याच्या दारूच्या भट्टीवरचं. त्या भोकातून नळी निघायची आणि वाफ लावणीत जायची. (लावणी म्हणजे नाच नव्हे हो, वाफ थंड व्हायचं मातीचं मडकं.)

आमच्या आजोची भट्टी होती, माडाच्या फेणीची. सुट्टीत मला एकच काम, करटीनं (नारळाच्या करवंटीनं) लावणीवर पाणी ओतत राहायचं. हात थांबला, मडकं तापलं, की माल गेला हवेत. नऊ वर्षांचा असेन. एका दुपारी बसल्या जागी डोळा लागला. जाग आली ती वासानं.

आता सगळ्यांना वारसा आठवतो. 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन, 2016 मध्ये सरकारनं फेणीला वारसा पेय म्हटलं. छान. आम्हाला शाळेत ‘दारवाल्याचो नातू’ म्हणायचे, तेव्हा कुठे होता हा वारसा? आणि काजू तर पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. माड त्याच्या आधीपासून इथं उभे. पण माडीसाठी पोय (माडाचा फुलोरा) कापायला दिवसातून तीनदा माडावर चढणार कोण? आमच्या रेंदेराचा (माडी काढणाऱ्याचा) मुलगा त्याच रिसॉर्टात सुरक्षारक्षक आहे. त्यानंच आज माझी गाडी लावून घेतली.

दारूनं घरं बुडाली, मान्य. आमच्या शेजारचंही बुडालं. पण म्हणून भांड्याचं नावही पुसायचं?

आजीचं माहेर आरोंद्याचं. मध्ये फक्त तेरेखोल नदी. अलीकडे गोव्यात परवाना काढून भट्टी लावायची, पलीकडे महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानं तोच गुन्हा. आजी माहेरी गेली की आजोचा धंदा ‘माडांची बागायत’ व्हायचा! हसायचो आम्ही. आता वाटतं, तिला ते लपवताना काय होत असेल.

तर त्या दुपारी वाटलं, आता मार बसणार. आजो आला, भाणाचं तोंड बंद करायला लावलेली वारुळाची माती चाचपली, माझ्या हातातली करटी घेतली आणि काळोख पडेपर्यंत स्वतः पाणी ओतत बसला. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी करटी पुन्हा माझ्याच हातात दिली.

रिसॉर्टवाल्यांनी भाण भंगारात जाऊ दिलं नाही, एवढं त्यांचं. मॅनेजर पोरगा गोड होता, “पाटी बदलू की काका, तुम्हीच लिहून द्या,” म्हणाला. निघताना मी त्या भोकात बोट घालून पाहिलं. आत मनीप्लांटची ओली माती.

पेडण्यात कुणी चांगला पेंटर आहे का? चार ओळींचं काम आहे. नंबर इनबॉक्समध्ये टाका.