दादाची वांदरं आणि माझे बबून

कैऱ्या धरल्या की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वांदरांचा विषय निघतोच. गुहागरकडच्या आमच्या वाडीत कोवळी शहाळी फोडून खाली टाकलेली, केळीचे लोंगर ओरबाडलेले. परसात भाजी लावणं दादाने कधीच सोडलं. यंदा गावच्या सभेत म्हणे दोन तट पडले: पकडून लांब सोडा, नाहीतर मोठे नर गोळी घालून संपवा. मारुतीच्या नावाने हात जोडणारे दर वर्षी असतातच.

मी केप टाउनच्या दक्षिणेला, सायमन्स टाउनजवळ राहतो. इथे चाक्मा बबून आहेत, म्हणजे आफ्रिकेतली दांडगी माकडं. गेल्या महिन्यात एकाने खिडकीतून पोळ्यांचा डबा उचलला आणि छपरावर बसून, माझ्याकडे बघत, निवांत संपवला. तरी ग्रुपवर मी लिहिलं, 'नर मारून काही साधत नाही.' दादाचं उत्तर आलं, 'तुझ्या चार पोळ्या गेल्या. माझं वर्ष जातं.' खरं आहे त्याचं. पण नरांबद्दल मी म्हणतो तेही खरं आहे.

बबूनच्या कळपात नर दिसतो मोठा, सुळे दाखवतो, पण तो उपरा असतो. वयात आला की जन्माचा कळप सोडून दुसरीकडे बस्तान बसवतो (माझ्यासारखाच, म्हणा). राहतात त्या माद्या. आई, मुली, मावश्या जन्मभर एकत्र. मुलीला आईच्या खालोखाल मान, आणि सहसा धाकटी थोरलीच्या वर! बोट्स्वानातल्या मोरेमी अभयारण्यात डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ या संशोधकांनी वर्षानुवर्षं असा एक कळप अभ्यासला. तिथली सिल्व्हिया नावाची मादी भारी तोऱ्याची. खालच्या माद्यांना जवळ फिरकू द्यायची नाही. तिची मुलगी सिएरा सिंहाने मारली, आणि काही दिवसांनी हीच सिल्व्हिया त्या खालच्या माद्यांच्या अंगावरचे किडे वेचत बसू लागली. एकटं राहणं तिलाही परवडेना.

आता अशा कळपातला मुख्य नर गोळी घालून काढला तर बाहेरचा येतो. तान्हं अंगावर पीत असेपर्यंत आई माजावर येत नाही, म्हणून नवा नर पुष्कळदा तान्हीच मारतो. मोरेमीत पिल्लं दगावण्याचं हेच मोठं कारण निघालं. आपल्या काळतोंड्या वानरांतही हे घडतं. सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात धारवाडला ते पाहिलं. म्हणजे दादाच्या गोळीने नराची जागा भरायची ती भरतेच, वर कळपात रक्तपात. आणि कुठल्या झाडाला कधी फळ येतं हे माहीत असलेल्या माद्या तिथेच.

इथेही तो मोह झाला होता. गाड्यांची दारं उघडून खाणं पळवणारा फ्रेड नावाचा नर २०११ साली पकडून मारला. पण गाडीचं दार उघडायची विद्या काही एकट्या फ्रेडकडे नव्हती.

इथे उपयोग होतो तो कंटाळवाण्या कामांचा. कुलूप लागणारे कचऱ्याचे डबे, काही ठिकाणी विजेचं कुंपण, आणि कळपाच्या मागे दिवसभर डोंगर चढणारे पगारी राखणदार. वस्तीकडे वळले की आवाज करायचे, रंगाच्या गोळ्या मारायच्या. प्राणिप्रेमी त्यावर चिडतात. मला गोळ्या दिसल्या की वाईट वाटतं आणि पोळ्या आठवल्या की वाटत नाही.

फरक पैशाचा आहे. इथे राखणीचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो. दादा पहाटेपासून स्वतःच गोफण घेऊन उभा, आणि सभेत विषय मात्र मारायचं की पुजायचं एवढाच. गावाने राखणदार ठेवावेत आणि त्यांचा पगार सरकारने द्यावा, ही मागणी सभेत कुणीच करत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

ते मी ग्रुपवर टाकलं. शिवाय विचारलं, वाडीत येणाऱ्या कळपातला नर गेल्या वर्षीचाच आहे का?

'मे महिन्यात येऊन तूच ओळख पटव,' दादा म्हणाला, 'आंबे राहिले तर तेही खा.'